ब्रिटनमधील लाल खार आणि करडी खार : रानात नेमकी ओळख कशी पटवावी?

शुभदा_केंडल

या विभागात ‘आज लाल खार दिसली’ अशा मथळ्याची छायाचित्रे वरचेवर येत असतात. कधी ती लंडनच्या एखाद्या उद्यानातली असतात, कधी बर्मिंगहॅमच्या कालव्याकाठची, तर कधी लेस्टरमधल्या कोणाच्या परसातली. छायाचित्रे सुंदर असतात, परंतु त्यांतली खार जवळजवळ प्रत्येक वेळी करडी असते आणि प्रतिसादांत मात्र लाल खारीबद्दल अभिनंदनाचा वर्षाव होतो. मी इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रियात राहते आणि येथील लाल खारींच्या नोंदी ठेवणाऱ्या स्थानिक गटात स्वयंसेवक म्हणून काम करते. चुकीच्या नोंदीमुळे प्रत्यक्ष कामात किती अडचण होते हे मला जवळून दिसते, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लाल खार ही ब्रिटनची मूळ रहिवासी आहे. करडी खार उत्तर अमेरिकेतून आणली गेली. १८७६ साली चेशरमधील हेनबरी पार्क येथे काही करड्या खारी सोडल्या गेल्याची नोंद आहे. पुढे बेडफर्डशरमधील वोबर्न ॲबी या जहागिरीतून त्या ठिकठिकाणी भेट म्हणून पाठवल्या गेल्या आणि त्यांचा प्रसार वेगाने झाला. १९३७ मध्ये त्यांची आयात करण्यावर व त्या पाळण्यावर कायद्याने बंदी आली, परंतु तोवर त्या देशाच्या मोठ्या भागात स्थिरावल्या होत्या. ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांचा २०१८ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार करड्या खारींची संख्या सुमारे २७ लाख आणि लाल खारींची सुमारे २ लाख ८७ हजार धरली जाते. या लाल खारींपैकी बहुतांश स्कॉटलंडमध्ये आहेत.

आता मुख्य विषय. माझे स्पष्ट मत आहे की या दोन खारी ओळखताना रंग हा सर्वांत कमी विश्वासाचा पुरावा आहे, आणि नेमका तोच आपण सर्वप्रथम पाहतो. करड्या खारीचा प्रत्येक केस एका रंगाचा नसतो. त्यावर काळे, तपकिरी आणि पांढुरके पट्टे असतात आणि त्यांच्या मिश्रणातून लांबून करडा रंग दिसतो. उन्हाळ्यात तिच्या अंगावरचा केसांचा थर पातळ होतो आणि पाठीच्या मध्यावर, कुशीला, पायांवर व चेहऱ्यावर चांगलीच तांबूस छटा उमटते. काही करड्या खारींचे पंजे आणि कुशी इतक्या नारिंगी असतात की केवळ तेवढाच भाग दाखवला तर अनुभवी माणूसही थबकेल. उलटपक्षी लाल खार ही नेहमी लालच असते असेही नाही. तिचा रंग उजळ नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत, क्वचित काळपटापर्यंत जातो आणि हिवाळ्यात पाठीवर राखट झाक येते.

मग पाहायचे काय? सर्वप्रथम शेपटीची कड पाहावी. करड्या खारीच्या शेपटीतील केसांची टोके पांढरी असतात, त्यामुळे संपूर्ण शेपटीभोवती पांढऱ्या झालरीसारखी एक कड उठून दिसते आणि ती वर्षभर टिकते. लाल खारीच्या शेपटीला अशी कड नसते. तिची शेपटी मुळापासून टोकापर्यंत साधारण एकाच रंगाची असते. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस ब्रिटनमधील अनेक लाल खारींची शेपटी उन्हाने फिकी पडून मलईसारखी, जवळजवळ सोनेरी दिसू लागते. अशा वेळी शेपटी सरसकट फिकी आहे की मधला भाग गडद असून केवळ कड पांढरी आहे, हे पाहिले म्हणजे शंका राहत नाही.

दुसरी गोष्ट अंगकाठीची. प्रौढ लाल खारीचे वजन साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास भरते, तर करडी खार बहुधा ५०० ते ६०० ग्रॅमची असते. जवळजवळ दुप्पट वजनाचा हा फरक केवळ लांबीत दिसत नाही, तो खांद्यांत, मानेत आणि मागच्या पायांच्या मांड्यांत दिसतो. करड्या खारीचे डोके रुंद आणि अंग भरलेले असते. लाल खारीचा चेहरा निमुळता आणि एकंदर बांधा नाजूक असतो. रानात मात्र शेजारी मोजपट्टी नसते, एकटीच खार दिसली तर आकाराचा अंदाज फसतो, आणि वसंतात किंवा उन्हाळ्यात घरट्याबाहेर पडलेली करड्या खारीची पिल्ले लाल खारीएवढीच भासतात. म्हणून आकार हा पुरवणी पुरावा मानावा.

तिसरी गोष्ट म्हणजे कान. लाल खारीच्या कानांवर हिवाळ्यात लांब केसांचे झुपके असतात आणि ते दिसले तर प्रश्नच मिटला, कारण करड्या खारीला तसे झुपके कधीच येत नाहीत. परंतु हे झुपके बारमाही नसतात. अंगावरचे केस वर्षातून दोनदा बदलतात, तर शेपटीचे आणि कानांवरच्या झुपक्यांचे केस एकदाच बदलतात. शरद ऋतूत वाढलेले झुपके हिवाळ्यात भरघोस होतात, वसंतात विरळ होत जातात आणि भर उन्हाळ्यात जवळजवळ नाहीसे होतात. त्यामुळे ‘झुपके नाहीत, म्हणजे करडी’ हा निष्कर्ष जुलै-ऑगस्टमध्ये सर्रास चुकतो. हिवाळ्यात करड्या खारीच्या कानांच्या मागच्या बाजूला पांढुरके दाट केस येतात, त्यांनाही कोणी झुपके समजू नये. ते कानाच्या टोकावरून वर उभे राहत नाहीत, कानाच्या पाठीला चिकटून असतात.

पोटाचा पांढरा रंग मात्र पूर्णपणे विसरावा. तो दोघींचाही पांढराच असतो.

---

रेडिंगकर

शुभदाताई, लेख अत्यंत उपयुक्त आहे, परंतु एक शंका मनातून जात नाही. मी टेम्सच्या काठावर काढलेले छायाचित्र मागे येथे दिले होते. त्यातील खारीच्या दोन्ही कुशी गडद नारिंगी आहेत, नाकापासून डोळ्यांपर्यंतचा पट्टाही तांबूस आहे आणि पुढचे पंजे तर विटकरी रंगाचे आहेत. लाल आणि करड्या खारींचा संकर होऊन अशी मधली खार निर्माण होत असेल, असे येथील एका शेजाऱ्यांनी ठामपणे सांगितले. त्यात तथ्य आहे का?

---

शुभदा_केंडल

रेडिंगकर, संकराची कल्पना फार जणांकडून ऐकायला मिळते, पण ती खरी नाही. या दोन स्वतंत्र जाती आहेत आणि त्यांच्यात संकर होत नाही. ‘मधली’ वाटणारी प्रत्येक खार ही या किंवा त्या जातीच्या रंगवैविध्याचाच भाग असते.

आपले छायाचित्र मी पुन्हा उघडून, मोठे करून पाहिले. खार कुंपणाच्या फळीवर बसलेली आहे आणि शेपटी पाठीवर उलटी वळवलेली आहे. शेपटीच्या मध्यभागी तपकिरी रंग आहे, त्याच्या बाहेर काळसर पट्टा आहे आणि अगदी बाहेर पांढऱ्या टोकांची सलग कड आहे. हे तीन थर एकापाठोपाठ एक दिसले की ती करडीच, मग कुशी कितीही नारिंगी असो. पाठीवरचे केसही पाहावेत. आपल्या छायाचित्रात पाठीवर बारीक ठिपक्यांसारखी सरमिसळ दिसते, ती पट्टेदार केसांमुळे. लाल खारीची पाठ इतकी कणीदार दिसत नाही. तिच्यावर एका रंगाचा हात फिरवल्यासारखा भास होतो.

आणखी एक कसोटी भूगोलाची. दक्षिण इंग्लंडच्या मुख्य भूमीवर, म्हणजे रेडिंग, ऑक्सफर्ड, लंडन, ब्रिस्टल या पट्ट्यात, मुक्त रानात लाल खारी उरलेल्या नाहीत. दक्षिणेत त्या आहेत त्या बेटांवर : पूल बंदरातील ब्राउनसी बेटावर आणि आइल ऑफ वाइटवर. त्यामुळे रेडिंगमध्ये लाल खार दिसल्याचा दावा करायचा झाल्यास पुरावाही तेवढाच भक्कम लागतो.

---

मंदार_अबर्डीन

उत्तरेकडून थोडी भर घालतो, कारण आमच्याकडे प्रश्न उलट बाजूने येतो. स्कॉटलंडमधील अबर्डीनच्या परिसरात १९७०च्या दशकात करड्या खारी आल्या आणि त्यापूर्वीपासून असलेल्या लाल खारीही येथे टिकून आहेत. शहराच्या कडेच्या बागांत दोन्ही जाती दिसू शकतात, म्हणून भूगोलाची कसोटी आमच्या कामाची नाही. येथे प्रत्येक खार तिच्या स्वतःच्या लक्षणांवरच ओळखावी लागते.

आमच्याकडे सर्वाधिक गोंधळ हिवाळ्यातील लाल खारींमुळे होतो. जानेवारीच्या मंद उजेडात, पाठीवर राखट झाक आलेली लाल खार स्प्रूस या शंकुधारी झाडाच्या खोडावर बसली तर पाहणारा बेलाशक ‘करडी’ अशी नोंद करून मोकळा होतो. अशा वेळी मी पाठ सोडून पायांकडे आणि शेपटीकडे पाहतो. पाठ कितीही राखट झाली तरी लाल खारीचे पाय, शेपटी आणि कानांची टोके यांचा तांबडेपणा बहुधा टिकून असतो. शिवाय झुपके त्याच महिन्यांत सर्वांत लांब असतात.

प्रकाशाबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. खारीच्या मागून सूर्य असेल तर कोणत्याही खारीच्या शेपटीचे केस कडेला उजळतात आणि लाल खारीलाही पांढरी झालर असल्याचा भास होतो. अशा स्थितीत जागा बदलून, उजेड आपल्या पाठीशी घेऊन पुन्हा पाहावे. ते शक्य नसेल तर नोंदीत ‘जात निश्चित नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. माझ्या मते अशी नोंद चुकीच्या नोंदीपेक्षा कितीतरी मोलाची असते.

---

मीरा_म्युनिक

युरोप खंडातून एक निरीक्षण. जर्मनीत करडी खार नाही, येथे फक्त लाल खारच आहे. तरीही येथे नव्याने आलेले आपले लोक हमखास विचारतात की या काळ्या खारी कोणत्या. आल्प्सच्या पायथ्याच्या अरण्यांत गडद चॉकलेटी आणि जवळजवळ काळ्या रंगाच्या खारी पुष्कळ आढळतात, आणि त्या लाल खारीच असतात. एकाच उद्यानात नारिंगी आणि काळपट अशा दोन्ही खारी हिंडताना दिसतात. गडद खारीचे पोट मात्र शुभ्र असते आणि हिवाळ्यात झुपकेही तसेच लांब असतात. शुभदाताईंनी रंगाबद्दल जे लिहिले आहे त्याची खात्री पटवून घ्यायची असेल तर बव्हेरियातील एखाद्या जुन्या दफनभूमीत, मोठ्या झाडांखाली, अर्धा तास बसणे पुरेसे आहे.

---

रेडिंगकर

मीराताई, आपल्या प्रतिसादावरून आठवले. हर्टफर्डशरमध्ये लेचवर्थच्या बाजूला माझे आप्त राहतात, त्यांच्या अंगणात कुळकुळीत काळ्या खारी येतात. मग त्या लाल म्हणायच्या की करड्या?

---

शुभदा_केंडल

त्या करड्या. हर्टफर्डशर, बेडफर्डशर आणि केंब्रिजशर या भागातील काळ्या खारी म्हणजे करड्या खारीचाच काळा प्रकार होय. केसांचा रंग ठरवणाऱ्या एका जनुकातील बदलामुळे त्यांच्यात काळे रंगद्रव्य अधिक तयार होते, आणि उत्तर अमेरिकेतील करड्या खारींतही हाच प्रकार आढळतो. काळेपणामुळे शेपटीची पांढरी कड नाहीशी होते, त्यामुळे वर सांगितलेली सर्वांत भरवशाची खूण नेमकी येथे चालत नाही. अशा वेळी पोट पाहावे. मघाशी मी पोट विसरायला सांगितले होते, त्याला हा अपवाद आहे : कुळकुळीत काळ्या करड्या खारीचे पोटही काळेच असते, तर मीराताईंनी वर्णन केलेल्या गडद लाल खारीचे पोट पांढरे असते. भरलेला बांधा आणि हिवाळ्यातही झुपके नसलेले कान हे पुढचे पुरावे.

---

आनंद_न्यूजर्सी

अमेरिकेतील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक वाटतो, अन्यथा या धाग्यावरील खुणा घेऊन येथील लोक आपापल्या अंगणातल्या खारी ओळखू लागतील. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत आणि कॅनडातही लाल व करडी अशा दोन खारी आहेत. त्यांपैकी करडी खार ही ब्रिटनमध्ये गेलेलीच जात आहे आणि ती येथील मूळची आहे. येथील लाल खार मात्र ब्रिटनच्या लाल खारीपेक्षा सर्वस्वी वेगळी, वेगळ्या कुळशाखेतील जात आहे. ती आकाराने आणखी लहान असते, डोळ्यांभोवती ठळक पांढरे वलय असते आणि उन्हाळ्यात पाठीचा तांबूस रंग व पोटाचा पांढरा रंग यांच्या सीमेवर एक काळी रेघ दिसते. शंकुधारी झाडांच्या राईत ती आपल्या हद्दीत आलेल्या माणसावरही तारस्वरात ओरडते, ते ऐकू आले म्हणजे पाहण्याआधीच ओळख पटते. येथे या दोन्ही जाती मूळच्याच असल्यामुळे ब्रिटनमधला मूळची खार विरुद्ध बाहेरून आणलेली खार हा संघर्ष येथे लागू होत नाही.

---

जुन्नरकर

मी भीमाशंकरच्या परिसरात शेकरू पाहत वाढलेला माणूस. आपल्याकडे खार म्हटली की पाठीवरचे पट्टे आणि शेकरू म्हटले की पाठीचा तांबूस-तपकिरी रंग व लांबलचक शेपूट, अशी रंगावरूनच ओळखण्याची सवय लहानपणापासून लागते, आणि आपल्याकडे ती चालूनही जाते, कारण त्या दोघांच्या आकारात प्रचंड तफावत आहे. ब्रिटनमधल्या दोन खारींच्या बाबतीत हीच सवय आडवी येते असे वाटते. भारतातच शेकरूच्या एका जातीत प्रदेशागणिक रंग बदलतो. भीमाशंकरचे शेकरू आणि दक्षिणेकडचे शेकरू शेजारी ठेवले तर अपरिचित माणूस त्यांना दोन प्राणी समजेल.

माझा प्रश्न वेगळा आहे. शेकरूच्या बाबतीत आम्ही प्राणी न दिसताही घरट्यांवरून अंदाज बांधतो. तेथे घरटे, उष्टे फळ किंवा पाऊलखुणा यांवरून लाल आणि करडी असा भेद करता येतो का?

---

शुभदा_केंडल

जुन्नरकर, फार चांगला प्रश्न आहे आणि याचे उत्तर बहुतेकांना निराश करते. खारीचे अस्तित्व अशा खुणांवरून निश्चित कळते, पण जात कळत नाही.

पाइनचा किंवा स्प्रूसचा शंकू खाल्लेला असेल तर खवले कुरतडून काढलेले असतात आणि मधला दांडा टोकाशी थोडे खवले राखून उरतो. दोन्ही खारी असाच शंकू टाकतात. हेझलनटच्या कवचाचे पाहा. प्रौढ खार टोकाशी एक खाच पाडते आणि दात घालून कवच उभे दुभंगते, त्यामुळे दोन स्वच्छ अर्धुके मिळतात. कवचाला गोल भोक असेल तर ते उंदराच्या वर्गातील प्राण्याचे काम, आणि ओबडधोबड फोडलेले असेल तर बहुधा पक्ष्याचे. पण दुभंगलेल्या कवचावरून लाल की करडी हे मी सांगू शकत नाही आणि दुसऱ्या कोणी छातीठोकपणे सांगितले तरी मानणार नाही. घरट्यांचेही तेच. डहाळ्यांचा गोळा, आत शेवाळ आणि गवत, खोडाला लागून, फांदीच्या बेचक्यात : रचना दोघींची सारखी. चिखलातील ठशांत पुढच्या पायाची ४ आणि मागच्या पायाची ५ बोटे दोघींचीही उमटतात, आणि आकारातील फरक चिखलाच्या ओलेपणात हरवून जातो.

खार डोळ्यांना न दिसता जात ठरवण्याची खात्रीची रीत म्हणजे केसनळी. प्लास्टिकच्या पाइपाचा एक तुकडा फांदीवर बांधतात, आत थोडे दाणे ठेवतात आणि नळीच्या वरच्या बाजूला आतून चिकट पट्टी लावलेला ठोकळा बसवतात. खार दाणे खायला आत शिरली की पाठीचे काही केस पट्टीला चिकटतात. ते केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. लाल खारीच्या राठ केसाच्या लांबीवर एक पन्हळीसारखी खाच असते. शाई लावून पुसली की शाई त्या खाचेत राहते आणि रेघ स्पष्ट दिसते. करड्या खारीचा केस गोलसर असतो, त्यावर अशी रेघ उमटत नाही. हे पाहताना मला दरवेळी नवल वाटते, कारण अख्खी खार समोर असताना लोक वाद घालतात आणि येथे एका केसाने निकाल लागतो. अशा नळ्या मात्र स्थानिक गटाच्या सल्ल्यानेच बांधाव्यात. नळी स्वच्छ न ठेवल्यास तिच्यातून रोग पसरू शकतो.

---

अनघा_लीड्स

इतक्या बारकाईने ओळखण्याचा हा आग्रह कशासाठी, असा प्रश्न मी मुद्दाम विचारत आहे. उद्यानात येणाऱ्या मुलांना खार दिसते, आनंद होतो. ती करडी आहे असे सांगताना आपण त्या प्राण्याला आपोआप ‘नकोसा’ ठरवतो, हे मला खटकते. करड्या खारींनी स्वतः होऊन समुद्र ओलांडलेला नाही, त्यांना माणसानेच आणले.

---

मंदार_अबर्डीन

अनघाताई, आपला मुद्दा मला मान्य आहे की दोष खारीचा नाही. परंतु बारकाईने ओळखण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

करड्या खारी लाल खारींना सहसा मारत नाहीत. त्यांची हानी दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग अन्नाचा. रुंदपर्णी जंगलात ओकची फळे करडी खार चांगली पचवते, लाल खारीला ती तितकीशी पचत नाहीत. त्यामुळे एकाच रानात करडी खार अधिक संख्येने जगते आणि लाल खारीची पिल्ले अन्नाअभावी कमी टिकतात. दुसरा मार्ग खारदेवी म्हणता येईल अशा विषाणुजन्य रोगाचा. करड्या खारी हा विषाणू अंगावर वागवतात आणि बहुधा निरोगी राहतात. लाल खारीला तो झाला की डोळे, नाक, तोंड आणि पंजे यांभोवती व्रण व खपल्या येतात आणि ती बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत मरते. लिव्हरपूलजवळच्या फॉर्मबी येथील पाइनच्या राईत २००८ साली ही साथ आली तेव्हा तेथील बहुसंख्य लाल खारी दगावल्या होत्या. पुढे त्या हळूहळू सावरल्या.

आता ओळखीचा संबंध पाहा. लाल खारींच्या क्षेत्रात एक करडी खार आल्याची नोंद झाली की तेथे तातडीने माणसे जातात आणि पिंजरे लागतात. ती नोंद चुकीची असेल, म्हणजे राखट झाक आलेल्या लाल खारीला कोणी करडी म्हटले असेल, तर मोजक्या स्वयंसेवकांचे दिवस वाया जातात. उलट, खरोखर आलेल्या करड्या खारीला कोणी नारिंगी कुशींमुळे लाल म्हटले, तर साथ पसरेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. पकडलेली करडी खार पुन्हा सोडण्यास कायद्याने मनाई आहे आणि लाल खारीला १९८१च्या वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. म्हणजे ओळखीवर त्या प्राण्याचा जीव अवलंबून असतो. मुलांना करडी खार पाहून आनंद होत असेल तर तो जरूर होऊ द्यावा, पण तिचे खरे नाव सांगून.

---

अनघा_लीड्स

मंदारराव, हे स्पष्टीकरण मला पटले. विशेषतः चुकीची नोंद दोन्ही बाजूंनी घातक ठरते हे लक्षात आले नव्हते. नष्ट करण्याच्या मोहिमांबद्दल माझ्या मनात अस्वस्थता आहे आणि ती राहील, परंतु तो या धाग्याचा विषय नाही.

---

ऋजुता_डब्लिन

आयर्लंडचीही नोंद येथे असावी. येथे १९११ साली लाँगफर्ड परगण्यातील कॅसल फोर्ब्स येथे करड्या खारी आणल्या गेल्या आणि त्या प्रामुख्याने शॅनन नदीच्या पूर्वेकडे पसरल्या. परंतु मध्य आयर्लंडमध्ये गेल्या काही दशकांत उलटा प्रवाह दिसू लागला आहे. पाइन मार्टेन हा झाडावर चढणारा छोटा मांसाहारी प्राणी संरक्षणामुळे पुन्हा वाढला आणि जेथे तो वाढला तेथे करड्या खारी घटून लाल खारी परतू लागल्या. लाल खार आणि मार्टेन हजारो वर्षे एकत्र राहिले आहेत आणि त्याचा गंध आला की लाल खार सावध होते. करडी खार तशी सावध होत नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे.

ओळखीच्या दृष्टीने याचा परिणाम असा की पूर्वी ज्या रानात ‘येथे करडीच असणार’ असे गृहीत धरले जाई, तेथे आता तसे गृहीत धरता येत नाही. शुभदाताईंची भूगोलाची कसोटी दक्षिण इंग्लंडसाठी योग्य आहे, पण येथे नकाशा बदलतो आहे. जुन्या नकाशावर विसंबून लाल खारीची खरी नोंद फेटाळली जाऊ नये.

---

शुभदा_केंडल

ऋजुताताई, अगदी योग्य सूचना. वेल्समधील अँगलसी बेटावरही असेच घडले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेथे लाल खारी जेमतेम ४०च्या आसपास उरल्या होत्या. करड्या खारी हटवण्याचे काम अनेक वर्षे चालले, २०१५ मध्ये बेट करड्या खारींपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि आज तेथे लाल खारी शेकड्यांनी आहेत. जुनी पुस्तके घेऊन हिंडणाऱ्याला हे कळणार नाही.

वर्तनाबद्दल लिहायचे राहून गेले, ते येथे लिहिते. लाल खार आपला बहुतेक वेळ झाडाच्या शेंड्याकडच्या फांद्यांवर घालवते. करडी खार त्या मानाने जमिनीवर पुष्कळ उतरते. म्हणून हिरवळीवर निवांत बसून काही उकरणारी खार करडी असण्याची शक्यता अधिक. पण ही केवळ शक्यता आहे. जेथे माणसे दाणे ठेवतात तेथे लाल खारीही जमिनीवर येतात, आणि शरद ऋतूत दोन्ही जाती फळे पुरण्यासाठी खाली उतरतात. वर्तन पाहून दुर्बीण कोठे रोखायची ते ठरवावे, जात मात्र शेपटी पाहूनच ठरवावी.

---

जुन्नरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या मे महिन्यात लेकीकडे मँचेस्टरला येण्याचे ठरत आहे. हातात दोन-तीन दिवस मोकळे असतील आणि सोबत माझी पत्नी व नातू असतील. फार चालणे होणार नाही. लाल खार पाहण्यासाठी कोठे जावे, आणि दिसल्यावर नेमके काय पाहावे?

---

शुभदा_केंडल

काका, मँचेस्टरहून आपल्याला फॉर्मबी सर्वांत सोयीचे पडेल. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे पाइनची राई आहे, वाटा सपाट आहेत आणि नातवालाही झेपतील. शक्यतो सकाळी लवकर जावे, गर्दी वाढली की खारी शेंड्यांकडे सरकतात. वर मान करून शोधण्यापेक्षा आधी शांत उभे राहून शंकूंचे खवले खाली पडण्याचा बारीक आवाज ऐकावा. खवले पडत असतील तर नेमक्या त्याच झाडावर खार बसलेली असते. तेथे खारींना घरून आणलेले खाणे घालू नये.

दिवस हाताशी असतील तर कंब्रियात थर्लमियर तलावाभोवतीच्या रानातही लाल खारी आहेत. इंग्लंडमधील लाल खारींचा मोठा वाटा नॉर्थंबरलँडमधील कील्डर अरण्यात आहे, परंतु ते लांब पडेल आणि इतक्या विस्तीर्ण शंकुधारी रानात खार दिसणे नशिबावर असते.

मे महिन्यात कानांवरचे झुपके विरळ झालेले असतील आणि केस बदलत असल्यामुळे अंगावर दोन रंगांचे पट्टे पडल्यासारखे दिसेल. साधारणपणे वसंतात हा बदल डोक्याकडून शेपटीकडे सरकत जातो. त्यामुळे खांदे नव्या केसांचे आणि कंबर जुन्या केसांची अशी खार दिसली तर गोंधळून जाऊ नये. एकच छायाचित्र काढता येणार असेल तर चेहऱ्याऐवजी शेपटी पूर्ण दिसेल असे काढावे. सोबत ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी आणि परतल्यावर येथील वन्यजीव नोंदींच्या ‘आयरेकॉर्ड’ या संकेतस्थळावर नोंद करावी. परदेशी पाहुण्यांच्या नोंदीही तेथे स्वीकारल्या जातात. एखादी खार मलूल दिसली, डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या, तर तिला हात लावू नये. लगेच तेथील वनरक्षकांना कळवावे.